भिंगताईंचा उजवा डोळा

रविवारी सकाळी अकराला भिंगताई कॅमेऱ्याच्या दुकानात यायच्या, आणि त्या येईपर्यंत गिऱ्हाइकं काचेच्या कपाटांसमोर ताटकळत उभी राहायची. दुकान काही त्यांचं नव्हतं. दुकानदार कॉलेजात त्यांच्या मागच्या वर्गातला मित्र. त्याला विकायला छान जमायचं, पण कोणत्या माणसाला कोणता कॅमेरा द्यावा हे त्यालाही त्यांनाच विचारावं लागायचं. पर्समध्ये पाकीट सापडायला वेळ लागायचा, पण भिंग लगेच हाताला यायचं, म्हणून कधीतरी कुणीतरी भिंगताई म्हटलं आणि तेच चिकटलं. छापील फोटोवर भिंग ठेवून, डावा डोळा मिटून, उजव्याने त्या अशा वाकायच्या की बघणाराही श्वास रोखून धरायचा.

“मला ही पाहिजे,” एखादा गृहस्थ सगळ्यात जाड बॉडीकडे बोट दाखवायचा.

“शेवटचा फोटो कशाचा काढलात?”

“मुलीचा. पुढचा दात पडला तेव्हाचा.”

“घरातच ना? बल्बच्या उजेडात?”

“हो.”

“मग ही तोफ कशाला? हलकी बॉडी घ्या आणि तिला पन्नासची, एक पॉइंट आठची लेन्स लावा. कमी उजेडात ती जे टिपेल ते या तोफेवरच्या झूमला जमायचं नाही. तोफ नेलीत तर सहा महिन्यांत कपाटात जाईल, आणि दात तोवर नवा येईल.”

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला की मात्र तीच तोफ त्या स्वतः खाली काढायच्या. पावसात, धक्काबुक्कीत चालणारी, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणारी बॉडी त्याला हवीच. वरचा खर्च करायचा तर लेन्सवर करा, हे मात्र दोघांनाही सांगायच्या. “बॉडी म्हणजे भाड्याचं घर. लेन्स म्हणजे भांडीकुंडी. घर बदललं तरी भांडी बरोबर जातात.”

बाकीचे सहा दिवस त्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात फोटोग्राफर होत्या. तळमजल्यावर खिडकी नसलेली खोली, मधोमध काळं टेबल, दोन्ही बाजूंना दिवे, आणि वर उभ्या खांबाला खाली तोंड करून अडकवलेला कॅमेरा. टेबलावर कागद ठेवायचा, कॅमेरा वरखाली करायचा, फोकस हाताने जुळवायचा, फोटो घ्यायचा. एकतीस वर्षं हेच. कुणाला कंटाळवाणं वाटलं असतं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने खोडलेला आकडा फोटोत वाचता आला की त्या दिवसभर खुशीत असायच्या. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला सरळ दिसायचं, पण धुक्यातून बघितल्यासारखं. सगळा संसार उजव्यावर. तो उजवा मात्र असा तिखट, की दुकानदार म्हणायचा, “कंपनीने तुमचा डोळाच लेन्स म्हणून विकायला हवा.”

एका मंगळवारी टेबलावर जमिनीच्या मोजणीचा नकाशा होता. सगळा चौकटींचा. कॅमेऱ्यातून बघितलं तर मधल्या दोन रेघा वाकलेल्या. भिंगताईंनी कागद हाताने सपाट केला, वर काच ठेवली. रेघा तशाच, मधे फुगलेल्या, खालून कुणी बोट लावल्यासारख्या. फोटो घेऊन कॉम्प्युटरवर बघितला, तिथेही फुगवटा.

“लेन्स गेली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. शंभरची मॅक्रो, जवळचं बारीकसारीक टिपणारी, त्यांची सगळ्यात लाडकी. आतली एखादी काच जागची हलली असणार.

रविवारी लेन्स घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने समोरच्या भिंतीवर चौकटींचा मोठा कागद लावला. आधी त्यांची लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावली. रेघ वाकडी. मग त्यांच्या बॉडीवर नवी कोरी मॅक्रो लावली, खोक्यातून तेव्हाच काढलेली. रेघ वाकडी. मग आरशाची जुन्या पद्धतीची बॉडी बाजूला ठेवून बिनआरशाची नवी घेतली, जिच्यात डोळ्यासमोर काचेऐवजी इवलासा पडदा असतो. तरी वाकडीच. पन्नासची लावली, पंच्याऐंशीची लावली. पाऊण तासात चार बॉड्या आणि सहा लेन्स झाल्या. काउंटरवर टोपणांचा ढीग पडला.

“सगळ्याच बिघडल्यात तुझ्याकडच्या,” त्या वैतागून म्हणाल्या. “माल कुठे ठेवतोस, भट्टीत?”

दुकानदार शेवटचा फोटो पडद्यावर बघत होता. “ताई, कुठे वाकडी आहे?”

“ही काय मधली.”

त्याने पट्टी आणली, पडद्याला लावली. “सरळ आहे हो. अगदी सरळ.”

भिंगताईंनी मान वर केली. समोर फळी होती, काळ्या पिशव्या मांडलेली. बघाल तिथे फळीची कड किंचित वर उचललेली दिसत होती. नजर डावीकडे नेली की उंचवटा डावीकडे सरके, उजवीकडे नेली की उजवीकडे. दाराची चौकट, फरशीची सांध, भिंतीवरच्या कॅलेंडरची कड, सगळीकडे तो उंचवटा नजरेआधी जाऊन बसलेला. त्यांनी हळूच उजवा डोळा मिटला. फळी सरळ झाली. धुरकट, पण सरळ.

“काय झालं?” दुकानदाराने विचारलं.

“काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल,” त्या म्हणाल्या, आणि काउंटरवरची टोपणं ज्या त्या लेन्सला लावत बसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलताना आडपडदा ठेवत नव्हत्या. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध, जिथे बारीक बघण्याचं काम चालतं, तिथे नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि गळत होत्या. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. “गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. आहे ते राखायचा प्रयत्न करू.”

“मी फोटोग्राफर आहे,” भिंगताई म्हणाल्या, जणू त्यामुळे औषध बदलणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. “डावा डोळा आधीपासून कमजोर आहे तुमचा. कामाच्या ठिकाणी आधी सांगून टाका.”

त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याला अर्धंच सांगितलं, की सूज आहे, इंजेक्शनांनी उतरेल. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. तो सुट्टी टाकून इंजेक्शनला बरोबर यायचा, बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचा आणि परतताना रस्ता ओलांडताना त्यांचा दंड घट्ट धरायचा. “उतरली का गं सूज?” तो विचारायचा. “उतरतेय,” त्या म्हणायच्या. तिसऱ्या इंजेक्शनापर्यंत उंचवट्याच्या जागी राखाडी डाग आला होता, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. बघायचं ते नेमकं त्या डागाखाली जायचं.

आणि तेव्हाच संग्रहालयात एकेचाळीस नकाशे आले. जुन्या मोजणीदारांनी हाताने काढलेले, पाण्याच्या जागा दाखवणारे, कापडावर चिकटवलेले. खळ कुजून कागदाला बुरशी धरत होती. ते सोडवून धुवायचे होते, आणि त्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्यायचा होता. धुण्याचं काम करणारी बाई, जिला सगळे कागदांची डॉक्टर म्हणत, भिंगताईंहून पंधरा वर्षांनी लहान होती. तिने पहिल्याच दिवशी कडेच्या जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. मोजणीदारांनी चालता चालता लिहिलेली टिपणं होती ती, मुंगीएवढ्या अक्षरांत.

“ही शाई पाण्यात टिकायची नाही, ताई. शाई वाचवायची तर बुरशी अख्खा कागद खाईल. तुमचा फोटो झाला की मगच मी हात लावीन.”

“दे माझ्याकडे,” भिंगताई म्हणाल्या. त्या ‘नाही’ म्हणू शकल्या असत्या, असं त्यांना पुढे कितीतरी वेळा वाटलं. त्या सकाळी तो शब्द तोंडातून निघालाच नाही.

त्यांनी कॅमेऱ्यांकडे धाव घेतली. माणसाचा डोळा गेला तर यंत्राचा डोळा आहेच, तो शोधायचा फक्त. आता रविवारी दुकानात त्या गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलून मोकळ्या व्हायच्या आणि कोपऱ्यात बसून बॉड्या चाळायच्या. आपोआप फोकस धरणारी एक घेतली; ती नकाशाच्या मधल्या सुरकुतीवर फोकस धरायची आणि कडा सोडून द्यायची. दुसरीत चित्र दहापट मोठं करून बघता यायचं. पण दहापट मोठं झालेलं चित्रही डागाखालीच जायचं. तिसरी फार जड, तिची बटणं बोटांना सापडेनात. एके काळी त्या वजन, आवाज, रंग, कडांची धार या सगळ्याचा विचार करून दोन कॅमेरे तोलायच्या. आता प्रत्येकाला एकच प्रश्न होता, तू माझ्याऐवजी बघशील का?

चौथीने होकार दिल्यासारखं केलं. तिच्या पडद्यावर जिथे चित्र धारदार असेल तिथे कडांना लाल रंग चढायचा. बारीक अक्षर दिसलं नाही तरी लाल दिसायचं. डागाच्या भोवतालून, तिरक्या नजरेने, पण दिसायचं. भिंगताईंनी वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावून फोकस फिरवला. लाल उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. 

“ही चार महिन्यांसाठी दे.”

“कुणाला पाहिजे?” दुकानदाराने विचारलं.

“संग्रहालयाला.”

दुकानदार क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. त्या फळीवर हात फिरवून वस्तू उचलायला लागल्यात हे त्याच्या लक्षात आलं होतं. तरी त्याने बॉडी पिशवीत घालून दिली.

चार महिने भिंगताईंनी जीव ओतून काम केलं. नकाशा मांडायचा, लाल येईपर्यंत फोकस फिरवायचा, फोटो. लाल रंग साऱ्या कागदावर भरला की त्यांना हायसं वाटायचं. संग्रहालयाचे संचालक येणाऱ्याजाणाऱ्याला दारातूनच त्यांची टेबलाशी वाकलेली पाठ कौतुकाने दाखवायचे. एकेचाळीस पुरे झाले तेव्हा कागदांच्या डॉक्टरने सगळ्यात जास्त बुरशी धरलेले सात नकाशे कागद धुवायच्या खोलीत नेले.

पंधरा दिवसांनी ती खाली आली. हात अजून ओले होते. “ताई, बावीस नंबरचा उघडा ना. कडेला काय लिहिलंय ते बघून सुटलेले तुकडे जोडायचेत.”

भिंगताईंनी फाइल उघडली, कडेचा भाग मोठा केला. कागदांची डॉक्टर खुर्चीमागून वाकली.

“अजून मोठं होईल?”

“हे पूर्ण आहे.”

“पण... धुरकट आहे हे.”

भिंगताईंनी पडद्याला नाक लागेल इतकं तोंड जवळ नेलं. जांभळं काहीतरी होतं. डागाच्या कडेला ते हलत होतं. “मला ठीक दिसतंय,” त्या म्हणाल्या.

तसं म्हणताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं.

“दुसरा उघडा बरं. सव्वीस.” सव्वीस धुरकट. एकतीस धुरकट. नकाशाच्या ठळक रेघा, नद्या, टेकड्या सगळं नीट होतं. मुंगीएवढी अक्षरं तेवढी विरघळली होती. तो लाल रंग जवळपास जुळलेल्या फोकसलाही चढत होता. हे भिंगताईंना ठाऊक होतं. दुकानात कुणी नवशिक्या ती बॉडी मागायला आला असता तर त्यांनी स्वतःच त्याला बजावलं असतं, की लालवर विसंबू नका, शेवटी डोळ्याने खात्री करा.

“मी शाई जाऊ दिली,” कागदांची डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. “फोटो आहेत म्हणून जाऊ दिली, ताई.”

“फाइल बिघडली असेल. मूळ प्रत बघते मी,” भिंगताई म्हणाल्या, आणि पर्स उचलून भर दुपारी घरी निघाल्या.

नवरा सकाळची पाळी संपवून नुकताच जेवायला बसला होता. त्या चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं इथपासून ते ‘मला ठीक दिसतंय’ इथपर्यंत.

नवऱ्याने ताट सरकवलं. “म्हणजे सूज उतरतेय हे सगळं...”

“खोटं होतं.”

“आणि मी बाहेर बाकावर बसून देवाचे आभार मानत होतो.”

“अहो, एकतीस वर्षं मी फक्त बघतच आले. दुसरं काय येतं मला? ते गेलं असं तोंडाने म्हणायचं कसं?”

त्याने पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाला, “आमच्या डेपोतला जाड्या आठवतो? दरवर्षी आमचे डोळे तपासतात, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात. त्याला खालच्या तीन ओळी दिसेनाशा झाल्या. घरात चार तोंडं खाणारी. मला म्हणाला, पाठ करून दे. मी दिल्या. दोन वर्षं तो पोपटासारखा घडाघडा म्हणून पास झाला. मग एका सकाळी त्याने थांब्यावरच्या माणसांवर गाडी घातली. हातभर अंतरावर थांबली, ते त्याचं नशीब. घाबरून मागे सरताना एक बाई पडली, तिचा पाय मोडला. मी तिला बघायला गेलो होतो हॉस्पिटलात. कोण म्हणून आलात, असं तिने विचारलं. मला सांगता आलं नाही.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

दोघंही ओशाळल्यासारखे जमिनीकडे बघत राहिले. मग तो उठला. “उद्या मी येतो बरोबर. बाहेर बसेन. आत तू जा.”

संचालक भला माणूस होता, आणि म्हणूनच ते जास्त अवघड गेलं. त्यांनी भिंगताईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. हल्ली धुरकट फोटो साफ करणारी सॉफ्टवेअरं मिळतात. करून टाकू गुपचूप.”

“मी काल संध्याकाळी एक फाइल मित्राच्या दुकानात चालवून बघितली, सर, त्याने वाचून दाखवलं. अक्षरं धारदार होतात. पण ती त्या मोजणीदाराची नसतात. यंत्र स्वतःच्या मनाने बनवतं. एकदा ‘विहीर’ आलं, पुन्हा चालवलं तर त्याच जागी ‘बाहेर’ आलं. उद्या कुणी ते खरं धरून चालेल.”

संचालकांनी चष्मा काढला. “मग काय लिहायचं आपण?”

“जे झालं ते. आणि जे चौतीस अजून धुतले नाहीत ते मला पुन्हा काढू द्या. नजर कागदांच्या डॉक्टरची, हात माझे. ते झालं की माझ्या जागी दुसरं माणूस बघा.”

संचालक ‘नाही’ म्हणतील, थोडा आग्रह करतील, असं कुठेतरी त्यांना वाटत होतं. संचालक म्हणाले, “ठीक आहे.” बाहेर बाकावर नवरा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी बसल्या आणि तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, भिंगताई तोंडाला पदर न लावता रडल्या.

चौतीस नकाशांना दोन महिने लागले. उसनी बॉडी दुकानात परत गेली. खांबावर पुन्हा जुनी बॉडी आणि शंभरची मॅक्रो चढली, कारण तिचं फोकसचं कडं किती फिरवलं की काय होतं हे बोटांना पाठ होतं. कागदांची डॉक्टर पडद्यासमोर बसून कडेचं एकेक अक्षर बघायची. पहिले आठ दिवस ती कामापुरतंच बोलली.

“पुढे. अजून. थांबा. मागे या.”

“किती?”

“केसभर.”

“आता?”

“हं.”

नवव्या दिवशी ती म्हणाली, “तुम्ही मला ‘दिसत नाही’ म्हणाला असता, तर मी त्याच दिवशी इथे येऊन बसले असते, ताई.”  भिंगताईंनी कडं धरून ठेवलं. चौतीसच्या चौतीस फोटो लख्ख आले. त्यांना ते दिसले नाहीत, वाचून दाखवले गेले.

उरले सात. शेवटच्या आठवड्यात दोघी ते पडद्यावर उघडून बसल्या. कागदांची डॉक्टर डोळे बारीक करून एकेक शब्द लावायची, भिंगताई वहीत मोठ्या अक्षरांत लिहायच्या. कुठे ‘गोडं पाणी’ लागलं, कुठे ‘चाळीस पावलं’, एका जागी ‘उन्हाळ्यात आटते’. दोन नकाशांवर एकही शब्द लागला नाही. कागदांची डॉक्टर ते पुन्हा पुन्हा मोठे करत राहिली, आणि भिंगताई शेजारी पेन्सिल धरून बसून राहिल्या.

“राहू दे आता,” शेवटी भिंगताईच म्हणाल्या.

सूचीत त्या सात नकाशांपुढे शेरा लिहायचा होता. कागदांच्या डॉक्टरने लिहिलं, ‘टिपणे अस्पष्ट.’

“कशामुळे ते लिही.”

“ताई, त्याची काय गरज?”

“नाहीतर पुढचा माणूस मोजणीदाराला दोष देईल. लिही, छायाचित्रकाराच्या चुकीमुळे. आणि माझं नाव घाल.”

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. भिंगताईंनी सही कुठे करायची ते बोटाने चाचपून विचारलं. सही जरा वर चढली, छापील रेघेवरून सुटून.

रविवारी त्या दुकानात गेल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. महिनाभराने दुकानदार स्वतः घरी आला, चहा घेतला, इकडचंतिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, “गिऱ्हाइकं विचारतात हो. नुसतं बोलायला तरी या.”

“आता कोणत्या तोंडाने सांगू कुणाला, ही लेन्स चांगली, ती वाईट?”

“ते नका सांगू. शेवटचा फोटो कशाचा काढलात, एवढं तरी विचाराल?”

भिंगताईंनी कप खाली ठेवला. दुकानदार गेल्यावर नवऱ्याने कपबश्या उचलल्या, आणि त्या खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या कडेकडे बघत राहिल्या, आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्याने.